चौधरी सरांचं रविवारचं डोंगरमंडळ

रविवारी डोंगरावरून आलं की सोमवारी कपड्यांतली कुसळं काढत बसावं लागायचं. कितीही काढली तरी एखादं राहायचं आणि ऐन तासाला वर्गात टोचायचं. आमच्या मंडळाचे किस्से तसेच आहेत. विसरले म्हणावं, तर भलत्या वेळी आठवतात आणि मी एकटीच हसत सुटते.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. जळगावला मी शाळेत भूगोल शिकवायचे. सातपुडा फळ्यावर नेहमी काढायचे, पण त्यावर पाय कधी ठेवला नव्हता. आमच्या शाळेतल्या पीटीच्या चौधरी सरांना हे कळलं. "मॅडम, तुमचा सातपुडा खडूचा आहे," म्हणाले. पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा सुरेश, शेजारचे कापड दुकानदार शांतिलालभाऊ आणि त्यांच्या पत्नी कमलाभाभी. रविवारी सकाळी सगळं गाव टीव्हीपुढे बसलेलं असायचं, त्यामुळे एसटीत जागा मात्र हवी तिथे मिळायची.

*

भाऊंना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं, म्हणून ते मंडळात आले. पहिली मोहीम यावलकडे, मनुदेवीची. सरांनी बजावलं होतं की प्रत्येकानं पाणी आणि दोन भाकरी घ्यायच्या, बाकी ओझं नको. भाऊ स्टँडवर आले ते भलामोठा स्टीलचा डबा, सतरंजी आणि लोणच्याची बरणी घेऊन.

चालायला लागून थोडाच वेळ झाला असेल, तोच भाऊ एका दगडावर बसले आणि डबा उघडू लागले. सर परत फिरले. वजन कमी करायला आलात ना, असं त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं.

भाऊ शांतपणे म्हणाले, "हो ना. आधी डब्याचं करू, मग माझं."

*

रस्ता चुकलो, हे वाक्य चौधरी सरांनी आयुष्यात उच्चारलं नाही. चुकले की ते म्हणायचे, आज आपण नवी वाट बघतोय.

एकदा रावेरच्या बाजूला अशीच नवी वाट बघत बघत आम्ही दुपारी एका केळीच्या बागेत येऊन पोचलो. अंगावर ओरखडे, केसांत काटक्या. बागेत घड उतरवणं चालू होतं. मालकानं आम्हाला नखशिखान्त पाहिलं आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं.

सरांनी छाती पुढे काढली. "आम्ही ट्रेकर आहोत."

मालकानं आमच्यामागे वाकून पाहिलं, मग पार बांधापर्यंत नजर टाकली.

"मंग ट्रॅक्टर कुठी हाये?"

शेवटी ट्रॅक्टर त्यानंच दिला. आम्ही ट्रॉलीत केळीच्या घडांवर बसून रावेरला आलो. सर वाटभर केसांतल्या काटक्या काढत होते.

*

सातपुड्यातल्या पाल गावी एकदा मुक्काम केला होता. तिथल्या टेकडीवरून सूर्यास्त दाखवायचा, हा सरांचा बेत. अडचण एवढीच की भाऊ-भाभी जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणार. सरांनी भाऊंना परोपरीनं समजावलं की आज एक दिवस थोडी तडजोड करा, सूर्य अगदी तांब्याच्या ताटासारखा दिसतो.

भाऊ म्हणाले, "तांब्याचं ताट तुम्ही बघा. मला माझं स्टीलचं बघू द्या."

भाभींनी दालबाटी काढली. तुपाचा वास सुटला तसे सुरेश आणि मी हळूहळू सूर्याकडे पाठ करून बसलो. सर एकटे टोकावर हाताची घडी घालून उभे राहिले. सूर्य पूर्ण बुडाल्यावरच वळले, तेव्हा भांडी रिकामी होती.

भाऊंनी अदबीनं विचारलं, कसा झाला सूर्यास्त.

"फिका," सर म्हणाले.

तेवढ्यात भाभींनी पदराखालची ताटली पुढे केली. सरांच्या वाट्याच्या बाट्या त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. सर मान खाली घालून जेवले. त्यानंतर मंडळात सगळ्यांनी दिवस असतानाच आणि एकत्रच जेवायचं ठरलं. नियम सरांनीच केला. शिस्त म्हणून.

*

आता सुरेशचा. घरात सुरेशचा आवाज मोठा. पंखा कुठला घ्यायचा इथपासून सगळं तोच ठरवणार. डोंगरावर मात्र त्याला एक विचित्र सवय होती. खोल बाजू आली की हा बुटाची नाडी बांधायला बसायचा. आम्ही पुढे जायचो, हा कुठून तरी लांबून वळसा घालून यायचा.

धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर तटाची अरुंद वाट आली आणि सुरेश नाडी बांधायला बसला. मी सहज खाली पाहिलं. त्या दिवशी त्याच्या पायात चपला होत्या.

बाकीचे पुढे गेले होते. मी त्याच्याशेजारी बसले. तेव्हा तो म्हणाला की त्याला उंचीची भीती वाटते, लहानपणापासून. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. मी पुढे झाले, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोळे माझ्या वेणीवर लावून ती वाट चालला. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "तुझ्या वेणीची रिबीन जुनी झालीय."

पुढच्या आठवड्यात फ्रिज घ्यायचा होता. दुकानात शिरताना तो दारात थांबला आणि म्हणाला, तू पुढे हो.

*

राहिला अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. अमळनेरजवळच्या खेड्यातल्या, जन्म शेतात गेलेला, बोलणं पक्कं अहिराणी. सुरेश आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला नावानंच हाक मारते. अक्कांना ते सलायचं. डोंगरावर तर मी "सुरेश, सुरेश" ओरडते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. भाजीत मीठ कमी पडलं तर भिंतीला सांगायच्या.

त्यांनी स्वतः सासऱ्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मतदानाला गेल्या तेव्हा तिथल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर सुरेशकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याना बाप." सासरे जाऊन काही वर्षं झाली, तरी तो नेम मोडला नव्हता.

चाळीसगावकडे पाटणादेवीला जायचं ठरलं तेव्हा अक्का तयार झाल्या. देवीसाठी येते, तुमच्या डोंगरासाठी नाही, हेही त्यांनी भिंतीलाच सांगितलं.

दर्शन झाल्यावर आम्ही मागच्या रानात निघालो. अक्कांना देवळात बसा म्हटलं, तर त्या पदर कमरेला खोचून आमच्यापुढे चालू लागल्या. भाऊ दर दगडावर बसत होते, अक्का एकदाही बसल्या नाहीत. एका घसरड्या जागी माझा पाय सरकला तेव्हा मागे न बघता त्यांनी हात मागे केला. मी धरला. बोलणं नव्हतंच.

वर मोकळा कातळ होता आणि समोर कड्यांची भिंत. इथे हाक मारली की परत येते, असं सरांनी सांगितलं आणि स्वतः "सावधान" ओरडले. भाऊंनी आपल्या दुकानाचं नाव घेतलं. सुरेशनं माझं घेतलं. अक्का शेजारी होत्या म्हणून मी गप्प बसले. मग सरांनी सहज विचारलं, "अक्का, तुम्ही?"

अक्का पुढे झाल्या. डोकं उघडंच होतं. एकदा कड्याकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले आणि लांबच्या शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी हाक मारली,

"लोटन, ओऽऽ!"

सुरेशच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. लोटन हे त्याच्या वडिलांचं नाव.

कड्यावरून आधी नाव परत आलं. मग जरा थांबून, लांबून, नुसतं "ओऽऽ".

अक्कांनी घाईघाईनं कमरेचा पदर सोडला, नीट डोक्यावरून घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"आयकं का व बाई? ओ दिधी त्यास्नी."