सुलभाच्या नंबरावरून

आधीच सांगते, मी देवचार-बिवचार मानणारी बाई नाही. मालवणजवळ खानावळ चालवते. दिवसभर गिऱ्हाईकं आणि गॅस सिलिंडर यांच्याशी भांडण, भुतांना वेळ कुठला? तरी हे लिहितेय, कारण गिळून गिळून आता घशाशी आलंय.

आमची वाडी खाली व्हाळाकाठी, ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, साकवाच्या, अलीकडे. मोबाईलला रेंज मिळते ती फक्त वर, सड्यावरच्या म्हणजे कातळाच्या पठारावरच्या देवळापाशी. दुर्गम भागातल्या गरोदर बायांसाठी म्हणून एका संस्थेनं अ‍ॅप आणलं. त्रास झाला की लाल बटण दाबायचं, गाडी दारात... वा! रेंजसाठी सगळ्या जणी सड्यावर चढल्या आणि तिथेच कातळावर बसून नावं नोंदवली. अ‍ॅपनं विचारलं, तुम्ही आहात तेच तुमचं घर का? हो म्हटल्याशिवाय ते पुढेच जाईना, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं.

माझी धाकटी जाऊ सुलभा तेव्हा सातव्या महिन्यात होती. दीर गोव्याला कामावर. एका सकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी. तिनं बटण दाबलं. क्षणभर रेंज आली असावी, कारण 'गाडी निघाली आहे' असा मेसेजही आला. ती ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होती, "वैनी, गाडी इली काय गो?"

गाडी आली होती — सड्यावर! तिथे चिटपाखरू नाही, खाली फोन लागेना, म्हणून परत गेली. शेवटी शेजाऱ्यांच्या मासळीच्या टेम्पोत घालून नेलं. वाटेतच ती गेली, पोटातल्या बाळासकट. संस्थेचे साहेब म्हणाले, लोकेशन तुम्हीच चुकीचं भरलं होतं. म्हणजे मेली तीही आमच्याच चुकीनं.

गेल्या वर्षी माझी मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ते अ‍ॅप मी तिच्या फोनमध्ये घालू दिलं नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघरातच कोसळली, झटके यायला लागले. घरात मी एकटी. रेंजसाठी सड्यावर पळावं तर हिला कोणावर टाकू? तिचं डोकं मांडीवर घेऊन मी नुसती ओरडत होते... आणि सायरन ऐकू आला. गाडी थेट आमच्या दारापुढच्या खळ्यात!

कोणी बोलावली, हे विचारायचं सुचलं ते मयुरी आणि बाळ दोघं वाचल्यावर. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, नवीन. म्हणाला, अ‍ॅपवरून कॉल आला, एक बाई शेवटपर्यंत लाईनवर होत्या. त्या म्हणत होत्या, "सड्यार जाव नकात, थंय कोण नाय. साकवाच्या अलीकडसून खाली उतरा. आमच्या चेडवाक झटके येतत, बेगीन येवा."

त्यानं नंबर दाखवला. सुलभाचा! सिम कधीच बंद झालेलं. फोन दिराच्या ट्रंकेत, बॅटरी फुगलेली. आणि मयुरीला 'आमचा चेडू', आमची पोर, म्हणणारी घरात ती एकटीच होती.

पुढे संस्थेनं कार्यक्रम केला. बॅनरवर मयुरी आणि बाळाचा फोटो, अ‍ॅपमुळे वाचले दोन जीव म्हणून. मी साहेबांना तो नंबर दाखवला, तर म्हणाले सिस्टीम एरर असेल, आणि नारळ हातात दिला. असा संताप आला... पण नातू कडेवर होता, नारळ तिथेच ठेवून घरी आले.

मेलेल्या माणसानं फोन कसा केला, मला माहीत नाही. कोणाला सांगता आलं तर सांगा. मला एवढंच कळतं — जिवंत होती तेव्हाही तिनं तेच बटण दाबलं होतं. स्वतःच्या घराचा पत्ता सांगायला तिला मरावं लागलं.