मैंदर्गीची निळी खुर्ची

चार दिवस निवांत राहायचं ठरवून मी नाशिकहून सोलापुरात उतरले. पण मैत्रीण वर्षानं मला स्टँडवरूनच अक्कलकोटच्या एसटीत चढवलं. शाळेचं वय न झालेल्या अपंग मुलांना शिकवायला ती घरोघर जाते. “झोप गाडीत काढ,” म्हणाली. पण खिडकीतून ऊन आणि धूळ अशी आत येत होती, की झोप कसली!

अक्कलकोटला गाडी बदलून मैंदर्गीत पोहोचलो. गावात अर्धं बोलणं कन्नड. मी एका बाईंना पत्ता विचारला, उत्तराला ऐटीत मान डोलावली आणि नेमकी उलट दिशेला निघाले. वर्षानं हसत हसत परत ओढून आणलं.

आम्ही चाललो होतो अडीच वर्षांच्या भाग्यश्रीकडे. जन्मापासून तिचे हातपाय ताठर. बसता येत नव्हतं. आडवं ठेवूनच भरवायचे आणि घासागणिक ठसका. तिची आई सुनंदा दारातच म्हणाली, “ताई, आता येऊ नका. लई महिनं झालं, काय फरक न्हाय. पावणे हसत्यात आमाला.”

वर्षाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून अज्जा (आजोबा) म्हणाले, “आदी हितं बघा की!”

मागच्या खेपेला वर्षानं कागदावर काढून दिलेली खुर्ची त्यांनी निळं प्लास्टिकचं पिंप कापून बनवली होती. आत घोंगडीची घडी, पुढे फळी. भाग्यश्रीला त्यात बसवलं. मान डुगडुगली, मग स्थिरावली. सुनंदानं फळीवर दूधकाल्याची ताटली ठेवली. पोरीचा हात काही पोहोचेना. मी न राहवून ताटली सरकवायला पुढे वाकले.

“हात मागं घे! तिचं तिला करू दे!” वर्षा ओरडली.

भाग्यश्रीची मूठ ताटलीत आपटली आणि काला माझ्या कुर्त्यावर. पण बोटांना लागलेला तिनं तोंडात घातला. ठसका नाही! मूठ पुन्हा आपटली.

सुनंदा बघतच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, “ताई, मंगळवारी येताय न्हवं?”

“येणार की!” वर्षा म्हणाली.

मग आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय कुणी उठू दिलं नाही.

सोलापूरचा किल्ला पाहायचा राहिलाच. नाशिकला परतल्यावर महिन्याभरानं वर्षाचा फोन आला. भाग्यश्री आता दूधकाला ढकलून देते म्हणे, तिला वरणातली भाकरी लागते. फोन ठेवल्यावरही मी कितीतरी वेळ हसत होते. अडीच वर्षं दुसऱ्यांनी भरवलेलं मुकाट गिळणारी ती पोर ‘नको’ म्हणायला शिकली होती.