अनोळखी बोट

रविवारी सकाळी पोहण्याचा क्लास, दुपारी एक वाढदिवस आणि संध्याकाळी बाग. बागेतल्या गर्दीत मी फोनवर बोलत, माझ्या चार वर्षांच्या लेकीचा, मनूचा हात धरून चालले होते.

"काकू, माझी आई तिकडे आहे," हात धरलेली मुलगी म्हणाली. ती मनू नव्हती.

मनू फाटकापाशी होती. एका अनोळखी माणसाचं बोट धरून निवांत बाहेर निघाली होती. मी जोरात हाक मारली. त्याने बोट सोडवून घेतलं आणि भराभर फाटकाबाहेर निघून गेला.

मला वाटायचं, मुलं आपला हात ओळखतात. त्यांना फक्त धरायला एक बोट लागतं.

"कोण आहे ते वर बघायचं नाही का?" घरी जाताना मी विचारलं.

"तूपण नाही बघितलंस," मनू म्हणाली.