सात नंबरची किंकाळी

बाहेरच्या सिनेमांना आपली भाषा चढवायचं काम आमच्या स्टुडिओत चालतं. मी तिथला ध्वनिमुद्रक. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे माइकसमोर कलाकार, आणि माझ्या मागच्या खुर्चीत मालक. अवकाशयानात शिरलेल्या त्या प्राण्याच्या सिनेमांचे चार भाग आम्ही केले. चारही भागांत शेवटी जिवंत राहणाऱ्या बाईचा आवाज ताईंचा होता.

ताई म्हणजे कुणी मोठी नटी नव्हे. त्या घरी शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या निम्म्या पोरींचे शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. सासूबाई ठार बहिऱ्या, त्यामुळे किंकाळीचा सराव घरीच व्हायचा, मशीन चालवता चालवता. सासूबाई शेजारी बसून शांतपणे बटणं टाचायच्या. वरच्या मजल्यावरचे लोक मात्र दोनदा काठ्या घेऊन धावत आले होते.

हे सिनेमे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगतो, त्यांचे नियम पाढ्यासारखे ठरलेले आहेत. यानावर सात जण. जो फार विनोद करतो तो पहिला जातो. ‘तुम्ही थांबा, मी बघून येतो’ म्हणणारा परत येत नाही. सातांतला एक माणूस नसतोच, यान ज्या कंपनीचं तिनं पाठवलेलं यंत्र असतं. ते गोड बोलतं, सगळ्यांची काळजी घेतं, आणि कंपनीचा हुकूम त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो: प्राणी जिवंत आणा, माणसं गेली तरी चालतील. त्या यंत्राची एकच गोष्ट चांगली. सरळ विचारलं तर ते खोटं बोलत नाही. पण विचारायचं सुचेपर्यंत निम्मे लोक मेलेले असतात.

यंत्राचा आवाज माझा. पहिल्या भागाच्या वेळी त्या कामासाठी कुणी मिळेना, तेव्हा ताईच म्हणाल्या, “याचाच घ्या की. हा रागावला तरी सपाटच बोलतो.” तेव्हापासून त्या मला लोखंड्या म्हणत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आणि सगळ्यात मोठा नियम बाईचा. बाकीचे आधी किंचाळतात आणि आधी मरतात. ही श्वास कोंडून राहते. सगळं संपलं, दार लागलं, की एकदाच किंचाळते. ताई ती किंकाळी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायच्या. आदल्या दिवशी एक शब्द बोलायच्या नाहीत, गिऱ्हाइकांना मापं पाटीवर लिहून दाखवायच्या. मग येऊन एका दमात द्यायच्या, थर्मासमधलं कोमट पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, “वाचली बाई एकदाची.” जणू त्या नसत्या तर ती मेलीच असती.

पाचवा भाग यायच्या आधी मालकांनी मला बोलावलं.

“या वेळी नवी मुलगी घेतोय. ताईंचा आवाज आता जाड लागतो,” ते म्हणाले. “पण पोरीला किंचाळता येत नाही. उंदीर बघितल्यासारखी ओरडते. तू ताईंकडून किंकाळ्या, धापा, हुंदके, सगळं काढून घे. कशासाठी ते सांगू नकोस, नाहीतर यायच्या नाहीत.”

पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. नोकरी, घर, मुलीची शाळा. पण नाही म्हटलं असतं तर मालकांनी मला काढलं नसतं, तेवढे ते वाईट नव्हते. मला फक्त नाही म्हणायचं जड गेलं, म्हणून मूग गिळून बसलो. एवढंच कारण, आणि ते फार लहान आहे.

ताई दुपारी थर्मास घेऊन आल्या. माइकसमोर उभ्या राहिल्या आणि रिकाम्या पडद्याकडे बघायला लागल्या.

“सिनेमा कुठाय रे?”

“सिनेमा नाही, ताई. नुसते आवाज घ्यायचेत.”

“कशासाठी?”

“साठ्याला असू द्यावेत म्हणून. पुढे तुम्हाला त्रास नको.”

आवाज अगदी सपाट आला. यंत्राचा येतो तसाच. पण यंत्रानं खरं सांगितलं असतं.

“मला एका भागाला एक पुरते,” त्या हसून म्हणाल्या. “पण तू म्हणतोस ना, मग घे.”

त्यांनी अकरा किंकाळ्या दिल्या. सातवी अशी आली की मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. फक्त शेवटाला त्यांच्या हातातली बांगडी माइकच्या दांड्याला लागली. किण्ण, एवढंच. वर संगीत चढलं असतं तर कुणाला ऐकूही आलं नसतं. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण कामातला किडा वळवळला आणि मी बटण दाबून म्हणालो, “ताई, सात नंबर परत घेऊ.” त्यांनी बांगड्या काढून थर्मासशेजारी ठेवल्या आणि पुन्हा किंचाळल्या. आधीच्या सातवीपेक्षाही चांगली दिली.

अकरावीला गळा फाटला. जाताना त्या नुसत्या कुजबुजत होत्या. “पाचव्याला लवकर कळव हं. त्या बाईचा फार जीव लागलाय मला. चारदा वाचवलंय मी तिला.”

मी मान हलवली. नुसती हलवली, होकारासारखी. केसानं गळा कापणं म्हणतात ते यालाच. आठवडाभर त्या पाटीवर लिहीत होत्या असं कळलं. मी बघायला गेलो नाही.

नव्या मुलीनं संवाद म्हटले. शेवटी मी सात नंबर बसवली. ओठांशी तंतोतंत जुळली. मालकांनी पाठ थोपटली आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

सिनेमा लागला तेव्हा ताईंचा फोन आला. “लोखंड्या, पाचवा आलाय की रे! भिंतीवर कागद बघितला. दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढलीत. येतोस ना?”

आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. पण गेलो.

पडद्यावरची बाई पहिलं वाक्य बोलली तशा ताई ताठ बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “चांगलं बोलते पोरगी.” पुढं यानाच्या कप्तानानं यंत्राला विचारलं, कंपनीचा हुकूम काय होता? आणि यंत्रानं माझ्या आवाजात सगळं खरं सांगून टाकलं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

शेवटी दार लागलं. बाई किंचाळली. पुढच्या रांगेतला एक बाप्या खुर्चीतून उडाला. ताईंचा हात आपोआप गळ्याशी गेला.

“सात नंबर,” त्या हळूच म्हणाल्या. मग जराशानं, “दुसरी घेतलेली. हिच्यात बांगडी नाही.”

दिवे लागले. लोक उठून जायला लागले. ताई पिशवीतला थर्मास चाचपत तशाच बसून राहिल्या. मी माफीचं काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मी तुला विचारलं होतं रे, कशासाठी म्हणून. विचारलं होतं ना?”

“हो, ताई,” मी म्हणालो. आवाज सपाटच आला.