पंचमीच्या वाफ्यात हरण्या

वन्संच्या बाळासाठी मी त्या वर्षी ऋषींना शब्द दिला होता, आणि पंचमी चार दिवसांवर आली असताना आमच्याच बैलानं तो मोडला. देवाला माझी सेवा नकोच आहे, असं माझ्या मनानं तेव्हापासून घेतलं. लढाईची वर्षं होती, धान्यावर कंट्रोल होता, आणि आमच्या गावाहून नेवाशाला जायचं तर प्रवरा नावेनं ओलांडावी लागे. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. त्यांचं पहिलं मूल अंगावर दूध नाही म्हणून महिन्याच्या आत गेलं होतं. दुसऱ्या बाळंतपणाला त्या आमच्याकडे आल्या, मुलगी झाली, आणि मी हात जोडून म्हटलं, एवढं पोर जगू द्या, यंदाची पंचमी मी अगदी निर्मळ करीन.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. त्यासाठी घरामागच्या उंचवट्यावर माझा वाफा होता, खुरप्यानं खणलेला, नांगर न लागलेला. मोटही बैलच ओढतात, म्हणून मोटेचं पाणीसुद्धा नको. मी नदीवरून घागरी वाहायची. मका, डांगर, शेपू, माठ, अळू, सगळं तिथं होतं. आळीतल्या बायका पंचमीला माझ्याकडूनच भाजी नेत आणि दुपारपर्यंत वाफ्यात नुसते बुडखे उरत. त्याचा मला थोडा तोराही होता, खोटं कशाला सांगू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी लाडानं हरण्याला मोकळा सोडला. आदल्या दिवशीची पुरणपोळी खाऊन स्वारी शेफारलेली. काट्याचा झाप ढकलून तो वाफ्यात शिरला, माठ फस्त केला, अळू तुडवला, वर शेणाचा पो टाकला आणि मक्याच्या सावलीत रवंथ करत बसला. माझा आरडाओरडा ऐकून हे धावत आले, आणि बघून हसायलाच लागले.

"आगं, बैलाच्या कष्टाचं न्हाई ना खायाचं? मंग त्यानं कष्ट कुटं केलं? नुसतं खाल्लंय!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र त्यांनी हरण्याला उठवून बाहेर काढला. शेजारच्या गंगूआक्कांनी झापाशी उभं राहून निकाल दिला, "बैलाचा पाय लागला बया. ह्यातलं आता पंचमीला चालायचं न्हाई." त्या पंचमीला एकही बाई माझ्या दारी टोपली घेऊन आली नाही.

मी पहाटे न्हाऊन पाटी घेतली आणि माळावर गेले. रानात आपोआप आलेलं ते बैलाचं नव्हे, एवढाच आधार होता. लहानपणी आईबरोबर रानभाज्या खुडल्या होत्या, त्या आठवून आठवून शोधल्या. कोवळी कुर्डू मिळाली, बांधाखाली तांदुळजा, ओघळीच्या कडेला घोळ. एकेक पान खुडताना बाळाचं तोंड डोळ्यांपुढे येई आणि मी विचारी, माझं काय चुकलं? पाटी भरली, पण मन भरेना. परत फिरताना खाली बघितलं तर नदी पात्र सोडून पसरत होती. आमच्याकडे थेंब नव्हता, पण वर भंडारदऱ्याकडे डोंगरात कोसळला असणार.

पाणी खालच्या आळीत शिरलं. आमचं घर वाचलं, पण अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव होतं, त्यात पाझर गेला. पूर ओसरल्यावर यांनी पेवाचं तोंड उघडलं, आतली वाफ निघून जाऊ दिली, मग उतरून ओंजळभर ज्वारी वर आणली. काळी पडलेली, आंबलेली. नाव बंद होती. आळीत कुणाकडेच द्यायला धान्य नव्हतं. वन्सं पातळ पेजेवर राहिल्या आणि त्यांचं दूध आटू लागलं. बाळ ओढून ओढून दमायचं आणि रडायचं.

"वैनी, पयल्या बारीला आसंच झालं हुतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्यासमोर रडू नये म्हणून मी मागच्या दारी गेले आणि समोर वाफा दिसला. मक्याला भरलेली कणसं, वेलाला डांगरं, शेपू हातभर वाढलेला. पंचमी माझ्या मनासारखी झाली असती, तर इथं बुडखे असते. पंचमीला नाही चाललं, पण बाळंतिणीला कोण नको म्हणणार होतं? मी तिथंच चिखलात बसले आणि पोटभर रडले.

मक्याचे दाणे ठेचून त्यात डांगर शिजवलं, शेपू केला, वन्संना समोर बसून खाऊ घातलं. कणसांचा वाटा आळीलाही दिला. भाजीसाठी बायकांना माळावर नेलं, त्या जागा पंचमीनंच मला दाखवल्या होत्या. गंगूआक्का कणीस सोलता सोलता म्हणाल्या, "बैलानंच राखलं गं बया." नाव सुरू होईपर्यंत सगळ्यांचं भागलं. त्याच्या आधीच एका दुपारी बाळ पिऊन झोपलं, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध दिसलं. ते मी अजून विसरले नाही.

हा चमत्कार होता, असं मी म्हणत नाही. मोकळा बैल हिरव्याकडे जाणारच. पण जे देवानं नाकारलं म्हणून मी झुरत होते, ते त्यानं ठेवून घेतलं होतं, आणि कुणासाठी ते त्यालाच ठाऊक होतं. तेव्हापासून मी हिशेब मागायचं सोडलं. पंचमीला वाफ्यातली एक ओळ न खुडता उभी ठेवते आणि हात जोडते.

पुढच्या पोळ्याला वन्संची लेक माझ्या कडेवर होती. मी आपल्या हातानं झाप बाजूला केला आणि हरण्याला म्हटलं, ये बाबा. त्यानं मक्याकडे बघितलं, कान हलवले आणि सरळ गोठ्याकडे चालू लागला.

"बोलावल्यावर येतोय व्हय त्यो?" हे हसून म्हणाले.

पोरगी त्याच्या रंगवलेल्या शिंगांकडे हात नाचवत होती. झाप मात्र मी पुन्हा लावला नाही.