वापरला तर झिजेल!

जुन्या मेकॅनिकल कीबोर्डच्या बटणांखाली कचरा साठतो ना, तसे आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से साठतात. फुंकर मारली की चार बाहेर! दिंडोशीला सावंतच्या घरी आम्ही तिघं जमतो: सावंत, भिडे आणि मी. जुने कीबोर्ड खोलतो, साफ करतो, जोडतो. धड टायपिंग एकालाही येत नाही.

*

सावंतकडे कपाटभर कीबोर्ड आहेत. एकदा म्हटलं, "एखाद्यावर दोन ओळी तरी लिही रे."

"वेडा आहेस का? वापरला तर झिजेल ना!"

मेसेजसुद्धा तो मोबाइलवर बोलून पाठवतो.

*

मुलुंडचा भिडे नुसत्या आवाजावरून कीबोर्ड ओळखतो. असं तोच सांगतो. एकदा डोळे मिटून म्हणाला, "वा! हाच तो ओरिजिनल क्लिक. हल्ली मिळत नाही यार!"

कीबोर्ड अजून पिशवीतच होता. आत सावंतची आई अडकित्त्याने सुपारी कातरत होती.

*

बटणं काढण्याआधी फोटो काढून ठेवावा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सावंतने काढला नाही. मग सगळी बटणं A, B, C अशी ओळीने बसवली! जुन्या कीबोर्डात प्रत्येक ओळीच्या बटणांची उंची वेगळी असते. त्यावरून बोट फिरवलं, तर अंधेरीच्या रस्त्यावरून रिक्षात बसून चाललोय असं वाटलं.

वर आम्हालाच विचारतो, "हे जास्त लॉजिकल नाही का?"

*

पिवळं पडलेलं प्लास्टिक केसांचं ब्लीच चोपडून उन्हात ठेवलं की पांढरं होतं. सावंतला हे कळलं आणि सोसायटीच्या गच्चीची वाट लागली. सेक्रेटरी गच्चीवरून उतरले ते थेट त्याच्या दारात.

"सावंत, वर कुणाचे दात वाळत घातलेत?"

*

अशा माणसाच्या हातात घाटकोपरच्या कांबळेने वडिलांचा कीबोर्ड दिला! वडील डीटीपी ऑपरेटर होते. अर्ध्या वस्तीच्या लग्नपत्रिका त्यांनी त्यावर टाइप केल्या. अक्षरं पुसली गेलेली, स्पेसबारला अंगठ्याने खळगा पडलेला. ते गेल्यापासून आई रोज त्यावर हात ठेवून बसायची.

कांबळेने बजावलं होतं, "फक्त स्पेसबार अडकतोय, तेवढा सोडव. बाकी कशाला हात लावू नकोस."

सावंतने बॉडी ब्लीच केली आणि स्पेसबारसकट सगळी बटणं नवी बसवली.

"आणि जुनी?" मी विचारलं.

"फेकली रे. पार झिजलेली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात कांबळे आईला घेऊन आला. सावंतने ऐटीत कीबोर्डवरचा रुमाल उचलला. "बघा काकू, एकदम झकास!"

काकूंनी स्पेसबारवर अंगठा ठेवला. इकडून तिकडे फिरवला.

"छान आहे हो हा नवीन," त्या हसून म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा कधी देताय?"