उमाजीच्या नावाला मेंढरं

चारठाण्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं सतरा सप्टेंबरला केवळाबाईशी हुज्जत घालू नये, हे नव्या सरपंचाला, भागवतला, यंदा कळलं.

केवळाबाई साठी उलटलेली, मेंढरं राखणारी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि आवाज असा की माळावरून हाक दिली तर गावातली कुत्री गप्प बसावीत. मराठवाडा मुक्तीच्या दिवशी झेंडा चढला की नाल्याच्या लढाईत उतरलेल्यांची नावं वाचतात. शेवटी तिच्या सासऱ्याचं, उमाजीचं नाव येतं. ते कानावर पडलं की ती 'हिर्रर्र' करते आणि सगळा कळप झेंड्यापुढून चालत जातो. नवरा गेल्यापासून हा मान तिचा.

मेंढरांना कसला मान, असं कुणी विचारू नये. निजामाच्या शेवटच्या पावसाळ्यात रझाकार गाव लुटायला आले, तेव्हा गावच्या पोरांनी त्यांना नाल्यातच गाठलं, पिटाळलं आणि बंदुका हिसकावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ते जास्त माणसं घेऊन माग काढत आले. पोरं डोंगरात लपलेली, आणि काळ्या चिखलात त्यांची पावलं लख्ख उमटलेली. उमाजीनं त्या पावलांवरून मेंढरं घातली. रझाकारांनी त्याला गुरासारखा बडवला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. पंधरवड्यात निजाम शरण आला.

यंदा झेंड्यापुढच्या जमिनीवर सिमेंटचे नवे ठोकळे बसवलेले, परभणीहून मोठे साहेब यायचे होते. भागवत म्हणाला, "केवळामाय, औंदा मेंढरं नकोत. लय घाण व्हती. सासऱ्याचं नाव घेतो की आमी."

"नुसतं नाव? आरं, त्याच्या हातात बंदूक व्हती का तलवार? मेंढरंच व्हती. तीच काढली तर ऱ्हायलं काय?"

शेवटी तोड निघाली: कळप कडेला उभा राहील, पण जागचा हलणार नाही. केवळाबाईनं मान डोलावली खरी, पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही. तेल चोळताना सासऱ्याच्या पाठीवरचे ते व्रण तिच्या बोटांना लागलेले होते.

सतरा तारखेला शाळेच्या मनीषा मॅडमनी पोरींकडून रांगोळीची पावलं काढून घेतली, शाळेपासून थेट झेंड्यापर्यंत. लढायला गेलेल्या पोरांची पावलं ती! महालक्ष्म्यांच्या पावलांसारखीच, पण चांगली रुंद. झेंडा चढला, नावं सुरू झाली. केवळाबाई ओठ गच्च मिटून उभी होती. "उमाजी" एवढं कानावर आलं आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून 'हिर्रर्र' निघून गेलं!

मग काय विचारता! मेंढरांना कुठला ठाऊक पंचायतीचा ठराव? पुढची मेंढी निघाली, तिच्यामागं सगळा कळप, सरळ रांगोळीवरून.

एका पोरीनं भोकाड पसरलं. भागवतनं कपाळाला हात लावला. केवळाबाईला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासऱ्याचा मान आपणच घालवला, आता पुढच्या साली कोण उभं करतंय!

साहेब मात्र खुर्चीवरून उठून वाकून बघत होते. "पावलं कुठं गेली हो?" त्यांनी विचारलं. खरंच की! एवढ्या रांगोळीत एक पाऊल ओळखू येईना. मनीषा मॅडमच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माईक उचलला आणि केवळाबाईच्या तोंडापुढं धरला.

"सायेब," तिचा आवाज चढला. "आमच्या घरानं एक गोळी झाडली न्हाई. पर गावाचं एक लेकरू त्यायच्या हाती लागू दिलं न्हाई!"

टाळ्यांनी मैदान दणाणलं. रडणारी पोरगीसुद्धा नाक ओढत टाळ्या वाजवू लागली. भागवत डोळे पुसत माईकपाशी आला.

"केवळामाय," तो म्हणाला, "नाव पुन्ना घेतो. मेंढरं माघारी आणा."